दोन रंगांत अडकलात? शेडकार्ड मिटा, भिंतीवर बघा

हॉलला हलका बदामी द्यायचा की फिकट राखाडी, यावर घोडं अडलं की घरोघरी शेडकार्ड पुन्हा पुन्हा उघडलं जातं. पण दोन बोटं रुंदीच्या तुकड्यावर रंग ठरवू नका. तोच रंग चारही भिंतींवर चढला की जास्त ठळक वाटतो, कारण भिंतींचा उजेड एकमेकींवर पडतो.

आधी दोन्ही शेडचे छोटे सॅम्पल डबे आणा. फिनिश एकच मागा. एक मॅट आणि दुसरा चकचकीत असेल, तर रंगाऐवजी चमकच डोळ्यांत भरते.

प्रत्येक शेडसाठी २ बाय २ फुटांचा पांढरा जाड पुठ्ठा घ्या. कडेने दोन बोटं कोरं सोडून रंगाचे दोन हात द्या; पहिला हात नीट वाळल्यावरच दुसरा. ओल्या रंगावर मत बनवू नका, इमल्शन (भिंतींना लावायचा पाण्यात मिसळणारा रंग) वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं. थेट भिंतीवर लावणार असाल, तर खाली प्रायमर हवाच; नाहीतर जुना रंग आतून डोकावतो.

आता खरी परीक्षा. पुठ्ठे एकमेकांना चिकटवून ठेवू नका. बदामीशेजारी राखाडी उगाच निळसर दिसतो, आणि घरात तर तो एकटाच राहणार आहे! एकेक पुठ्ठा आळीपाळीने त्याच जागी लावा: आधी खिडकीसमोरच्या भिंतीवर, मग खिडकी असलेल्या भिंतीवर. ही दुसरी भिंत दिवसा सर्वांत अंधारी असते आणि राखाडी मळकट वाटणार असेल तर तो तिथेच वाटतो.

सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वेळी बघा. पश्चिमेच्या खोलीत उतरत्या उन्हात बदामी चांगलाच पिवळा पडतो. उत्तरेच्या खोलीत थेट ऊन कमी, तिथे राखाडी थंड वाटतो. रात्री तुमच्या नेहमीच्याच दिव्यांत बघा: ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली आणि ३००० च्या पिवळसर दिव्याखाली एकच शेड दोन रंगांची वाटेल. नोकरदार घरात तर हॉल जास्त वापरला जातो तो रात्रीच, म्हणून माझ्या मते रात्रीच्या मताला जास्त वजन द्यावं.

पुठ्ठा फरशीला, पडद्याला, सोफ्याला टेकवूनही बघा. लालसर टाईल्सची झाक भिंतीच्या खालच्या भागावर हमखास येते.

तरीही ठरत नसेल, तर दोन्ही शेडचा एलआरव्ही दुकानात विचारा. रंग किती उजेड परत फेकतो, ते हा ० ते १०० मधला आकडा सांगतो. खिडकी लहान असेल तर मोठ्या आकड्याची शेड घ्या.

ठरलं की सगळा रंग एकदमच मिक्स करून घ्या आणि शेडचा कोड झाकणावर लिहून ठेवा, पुढे टचअपला लागतो.