कर-क्रमांक हरवला होता पत्रपेटीत

जर्मनीतल्या लाइपझिगला इंग्रजी शिकवायला आले तेव्हा घर मिळालं म्हणजे जिंकलं, असं वाटलं होतं. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो; घरमालकाच्या सहीचा कागद नेऊन तेही केलं. मग ११ आकडी कर-क्रमांकाच्या पत्राची वाट पाहत बसले. महिना उलटला, पत्र नाही. क्लासच्या हिशेबाच्या बाई रोज विचारायच्या. क्रमांक दिला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात चढा कर कापतात.

शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी माझ्या पत्रपेटीकडे बोट दाखवलं. तिच्यावर आधीच्या भाडेकरूचं आडनाव! इथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर बहुधा नसतोच, पोस्टमन आडनाव वाचून टपाल टाकतो. नाव नसलं की पत्र परत. आपल्याकडे पोस्टमन खालून हाक मारतो, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्याच संध्याकाळी 'देशपांडे' लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवलं. क्रमांक फोनवर सांगत नाहीत, म्हणून केंद्रीय कर कार्यालयाच्या संकेतस्थळावरून तो पुन्हा मागवला. काही आठवड्यांनी पाकीट आलं. त्याच्या आधी मात्र पिझ्झावाल्यांची जाहिरातपत्रं नेमाने येत होती, त्यांना नाव लागत नाही.