स्प्रिंग मागवण्याआधी टेपने माप घ्या

पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ या दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारसाठी (१९८९ ते १९९७) लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंग, घेताना बहुतेक जण डब्यावरचा '३० मिमी खाली' हा आकडा बघतात आणि गाडी हवी तेवढी बसली नाही की चिडतात. हा आकडा नव्या, न दबलेल्या कंपनी स्प्रिंगच्या तुलनेत असतो. तीस वर्षांच्या स्प्रिंग आधीच १५ मिमी बसल्या असतील, तर प्रत्यक्षात फरक १५ मिमीच दिसणार.

१. टायरमधली हवा बरोबर करून गाडी सपाट जागी लावा. थोडी पुढेमागे ढकला, म्हणजे सस्पेन्शन नीट बसतं.
२. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून नको, टायरचा आकार बदलला की तो आकडा फसवतो.
३. चारही चाकांची मापं लिहून ठेवा आणि तुम्हाला हवी ती उंची त्यातून ठरवा.
४. शॉकअपच्या दांड्यावर केबल टाय बांधून खाली सरकवा आणि रोजच्या रस्त्यावर फिरून या. टाय बंप स्टॉपच्या (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणाऱ्या रबराच्या) अगदी जवळ पोचला असेल, तर जास्त खाली जाऊ नका. या गाडीत सस्पेन्शनला दबायला मुळातच जागा कमी, आणि रबरावर आपटणारी गाडी वळणावर उडते. मी तर दिसण्यापेक्षा ही जागाच जपेन.

बसवताना एक सांभाळा: सस्पेन्शन आर्मचे बुशवाले (रबरी नळीतून जाणारे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे कसा. जॅकवर कसलेत तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.