गॅस सिलिंडर घेताना वजन, गळती आणि भाव कसा तपासावा

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असायला हवा. पावतीवरची रक्कम या आकड्याने भागली की किलोचा भाव निघतो. समजा पावती ८५२ रुपयांची आहे, तर किलोला ६० रुपये पडले. टाकीतून दीड किलो गॅस आधीच काढलेला असेल, तर ९० रुपये दारातच गेले आणि टाकी नेहमीपेक्षा चार-पाच दिवस आधी संपली, एवढंच घरात जाणवतं. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं काम वजनाचं. ते रिकामी टाकी परत देण्याआधी आणि मोबाइलवर आलेला डिलिव्हरी कोड सांगण्याआधी उरकावं. कोड सांगितला की कागदोपत्री माल तुम्हाला मिळालेला असतो.

प्रत्येक रिकाम्या टाकीचं वजन वेगळं असतं, साधारण १५ ते १७ किलोंच्या दरम्यान. वरच्या गोल कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीवर ते रंगवलेलं असतं. तिथे १५.८ असेल, तर भरलेली टाकी ३० किलो भरली पाहिजे. दीडशे ग्रॅमपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरली तर टाकी घेऊ नका. पट्टीवरचा आकडा खोडलेला किंवा वाचता येत नसेल, तर दुसरी टाकी मागा, कारण त्या आकड्याशिवाय तोलण्याला अर्थ नाही.

गॅसवाल्याने काटा सोबत ठेवणं आणि मागितल्यावर तोलून दाखवणं अपेक्षित आहे. काटा गाडीत राहिला, गोडाऊनला आहे, ही उत्तरं नेहमीची असतात. तेव्हा प्रवासाच्या बॅगा तोलायचा ५० किलोचा डिजिटल हूक-काटा घरात असलेला बरा. बाथरूममधल्या वजनकाट्यावर दीडशे-दोनशे ग्रॅमचा फरक भरवशाने कळत नाही. हूक-काटा बरोबर आहे का, तेही घरच्या घरी तपासता येतं: संपलेली टाकी आधी टांगा. तिचं वजन पट्टीवरच्या आकड्याच्या जवळपास आलं पाहिजे. त्यापेक्षा बरंच जास्त आलं, तर आत अजून गॅस आहे आणि तो तुम्ही फुकट परत देताय.

सील शाबूत आहे म्हणजे गॅस पूर्ण आहे, असं धरून चालू नका. सील गरम पाण्याने सैल करून उतरवायचं, भरलेली टाकी उलटी करून नळीने रिकाम्या टाकीत गॅस सोडायचा आणि सील पुन्हा बसवायचं, ही जुनी चोरी आहे. सील फाटलेलं, ढिलं किंवा चुरगळलेलं असेल, तर टाकी न तोलताच परत करा.

मग चाचणीची मुदत बघा. त्याच पट्ट्यांवर ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-२८ असेल तर टाकीची पुढची दाब-चाचणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. ती तारीख उलटून गेलेली टाकी ठेवून घेऊ नका.

आता गळती. दोरी ओढून टोपी काढायला सांगा आणि व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं पाणी टाका. बुडबुडे आले, तर आतली पिन नीट बसलेली नाही. पाणी टिपून घेतल्यावर आतली काळी रबरी रिंग नीट पाहा. ती चिरलेली किंवा गायब असेल, तर रेग्युलेटर लावल्यावर गॅस बाजूने सुटतो. गॅसवाल्याकडे जादा रिंगा असतात, लगेच बदलून घ्या. काडी पेटवून गळती कधीही पाहू नये. टोपी टाकी संपेपर्यंत जपून ठेवा. पुढे कधी व्हॉल्व्ह गळायला लागला, तर तीच टोपी घट्ट बसवून टाकी उघड्यावर नेता येते. घरात वास आला, तर विजेचं एकही बटण चालू-बंद न करता दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो.

पावतीच्या रकमेत घरपोच आणण्याचा खर्च धरलेला असतो. मजला कितवाही असो, वर पैसे देणं बंधनकारक नाही. पावती हातात घेऊन त्यावरचीच रक्कम द्या. तुम्ही स्वतः गोडाऊनवरून टाकी उचललीत, तर डिलिव्हरीचा खर्च वजा व्हायला हवा; तो मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही. कमी वजन किंवा जादा पैशांची तक्रार १८००-२३३३-५५५ या निःशुल्क क्रमांकावर करता येते, वजनाची वैधमापन विभागाकडेही. पट्टीवरचा आकडा आणि काट्यावरचं वजन यांचा फोटो त्याच वेळी काढून ठेवा.

दुकानात किलोच्या भावाने भरून मिळणाऱ्या छोट्या टाक्यांपासून मात्र लांब राहा, मग खोली भाड्याची असो की कनेक्शनला कागद नसोत. १४.२ किलोच्या टाकीची क्षमता ३३.३ लिटर असते आणि द्रव गॅस तिच्यात सुमारे ८० टक्केच भरतात. तापल्यावर द्रव फुगतो, म्हणून वरची जागा मोकळी ठेवलेली असते. दुकानदार अंदाजाने भरतो. छोटी टाकी काठोकाठ भरली आणि उन्हाने किंवा शेगडीने तापली, की फुगायला जागा नसते आणि टाकी फाटते. असं भरणं बेकायदाही आहे. त्याऐवजी तेल कंपन्यांची ५ किलोची टाकी केवळ ओळखपत्रावर मिळते. इंडेनची ‘छोटू’ त्यातलीच. तिला किलोमागे घरगुती टाकीपेक्षा जास्त पैसे पडतात, पण तीही तोलून घेता येते.