रात्रपाळीचे तास पंचिंगमध्ये गायब होत होते, त्यावरचा उपाय

रात्री १० ते सकाळी ६ च्या पाळीत माणूस हजर, हजेरीच्या मशीनवर बोट लावून येण्या-जाण्याचा पंचही केलेला, पण रिपोर्टात दोन्ही दिवशी ‘मिस पंच’, म्हणजे येण्याची किंवा जाण्याची नोंद नाही. बोट लागत नाही म्हणून मशीनला शिव्या पडतात. दोष बहुतेकदा सॉफ्टवेअरचा असतो. ते रात्री १२ वाजता दिवस तोडतं, म्हणून सकाळचं ‘आउट’ नव्या दिवसाचं ‘इन’ ठरतं.

शिफ्ट सेटिंगमध्ये ही पाळी दुसऱ्या दिवशी संपते असं नोंदवलं आणि दिवसबदल दुपारी १२ वर नेला. एकाच माणसाचे ५ मिनिटांतले दुहेरी पंच एकच धरायला लावले. मग महिन्याचा डेटा पुन्हा प्रोसेस केला. हे राहिलं तर जुना रिपोर्ट तसाच चुकीचा राहतो, आणि दुप्पट दराचा ओव्हरटाइमही बुडतो.

लाइट गेल्यावर मशीनचं घड्याळ मागे पडत असेल, तर आतला बटण सेल बदला.