सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताय? मीटर मागे केलंय का ते बघायची तयारी

बॉक्स्टर, केमन, झेड४, मस्टँग, गेला बाजार ऑक्टाव्हिया आरएस, असलं काही जुनं घ्यायचं डोक्यात असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या, या गाड्यांचं रनिंग खरोखरच कमी असू शकतं. सात वर्षांच्या स्विफ्टला कोणी १६ हजार किलोमीटर म्हणालं तर आपण तिथेच हसू, पण फक्त रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत जाऊन परत झाकून ठेवलेली बॉक्स्टर सात वर्षांत १६ हजार चाललेली असणं अगदी शक्य आहे, आणि नेमकं म्हणूनच इथे मीटर फिरवणाऱ्याचं फावतं, कारण खोटा आकडाही खऱ्यासारखाच दिसतो. त्यात ४८ हजारांची १६ हजार केली की किंमत लाखांनी वर जाते आणि खर्च येतो लॅपटॉप जोडून मीटर मागे करणाऱ्या लॅपटॉपवाल्याच्या अर्ध्या तासाचा. तेव्हा "एवढं कमी कसं?" असं विचारण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं (डॉक्टरांची गाडी आहे साहेब! पुण्यातल्या डॉक्टरांनी खरंच एवढ्या गाड्या विकल्या असत्या तर दवाखान्यात पायी गेले असते). कागद, गाडीतला कॉम्प्युटर आणि गाडीची झीज, तिन्हीकडून तोच आकडा निघतो का एवढंच बघायचं, आणि त्यासाठीची तयारी गाडी बघायला जायच्या आधीच सुरू करायची.

तर फोनवरच दोन गोष्टी मागून घ्या, गाडीचा नंबर आणि पूर्ण चेसिस नंबर. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पण आत्ताच काढून ठेवा, त्यात रनिंगचा आकडा दिसला पाहिजे, पुढे कामाला येतो. नंबर एमपरिवाहन या सरकारी ॲपवर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, कितवा मालक, लोन आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत हे कळतं. किलोमीटर मात्र आरसीवर कुठेच नसतात त्यामुळे तिथे सगळं क्लीन दिसलं म्हणून खूश होऊ नका. त्याच नंबरवर ई-चलन बघा. "वर्षभर पार्किंगमधेच उभी होती सर" म्हणणाऱ्याच्या गाडीला त्याच वर्षात सोलापूर रोडला, नाशिकला, एक्सप्रेसवेला ओव्हरस्पीडिंगची चलनं पडलेली असली की फोटोसकट पुरावा घरबसल्या मिळतो. मग तोच नंबर सर्चमधे टाका, इन्स्टावर पण शोधा. स्पोर्ट्स कारचं एक बरं असतं, लोक तिचे फोटो काढल्याशिवाय राहत नाहीत, जुन्या मालकाने डॅशबोर्डचा फोटो टाकलेला असतो, नाहीतर दोन वर्षांपूर्वीची विक्रीची जाहिरात अजून कुठेतरी पडलेली असते आणि त्यात रनिंग आजच्यापेक्षा जास्त लिहिलेलं असतं. दहा मिनिटांचं काम आहे, करून बघा.

फास्टॅगचं स्टेटमेंट कोणी मागत नाही, तुम्ही मागा. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सगळ्यांना सक्तीचा आहे आणि स्टेटमेंट मालकाच्या ॲपमधून निघतं. नुसता खालापूर-तळेगावचा टोल मोजला तरी अंदाज येतो, मुंबई-पुणे जाऊन-येऊन ३०० किलोमीटर धरा, वर्षाला २० फेऱ्या दिसल्या तर ६ हजार तिथेच झाले आणि पाच वर्षांत ३०, मग मीटरवर १६ कुठून आले? द्यायला कोणी नाही म्हणालं तर लगेच चोर समजू नका, प्रायव्हसी असते एकेकाची, पण नोंद मनात ठेवा. इन्शुरन्सचंही तसंच, मधे पॉलिसी लॅप्स झाली असेल तर नवीन देताना इन्स्पेक्शन होतं त्यात मीटरचा फोटो असतो, आणि क्लेम केला असेल तर सर्व्हेअरच्या रिपोर्टात रीडिंग असतं. "कधी क्लेम झालाय का?" हा प्रश्न ॲक्सिडेंटसाठी विचारताय असं दाखवून विचारायचा, कागद मिळाला की आधी रीडिंग बघायचं.

पण कागदात सगळ्यात भारी म्हणजे ऑथराईज्ड सर्व्हिस सेंटरची हिस्टरी. गाडी आत गेली की जॉबकार्डवर, म्हणजे कामाची नोंद करतात त्या कागदावर, किलोमीटर लिहिलेच जातात, आणि रेकॉर्ड चेसिस नंबरवर असतं त्यामुळे दिल्लीची गाडी एनओसी घेऊन इकडे आली आणि एमएच नंबर लागला तरी जुनं पुसलं जात नाही. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ धरू नका, ती कोणीही एडिट करतो. मालकाला सोबत घेऊन सेंटरला जा किंवा त्याच्या रजिस्टर्ड मेलवरून सेंटरला विनंती करायला लावा आणि उत्तर थेट तुम्हालाही येऊ द्या. आणि हातात आल्यावर नुसता शेवटचा आकडा बघून बंद करू नका, वेग बघा. समजा २०१९ ला ९ हजार, २०२० ला १२, २०२१ ला १५ आणि मग तीन वर्षं काहीच नाही, "बाहेर विश्वासाच्या गॅरेजला करायचो", आणि आज १६. म्हणजे वर्षाला तीन हजार चालणारी गाडी अचानक हजारातच थांबली. असू शकतं, मालक परदेशी गेला असेल, पण मग त्या गॅरेजची बिलं दाखव की बाबा. बिलं नाहीत, गॅरेज बंद पडलं, मेकॅनिक गावाला गेला, असं सुरू झालं की माझ्या मते ती गाडी सोडून द्यायची.

(इंग्लंडमधे राहणाऱ्यांना हे सोपं आहे, तिथे गाडीचा नंबर टाकला की सगळ्या एमओटी टेस्ट, म्हणजे तिथली गाडीची सक्तीची तपासणी, तारखेसकट आणि रीडिंगसकट फुकट दिसतात, बेल्जियममधे तर कार-पास नावाचा रीडिंगचा दाखला दिल्याशिवाय जुनी गाडी विकताच येत नाही. आपल्याकडे असलं काही नाही म्हणून हा खटाटोप.)

आता प्रत्यक्ष जाताना पिशवीत काय काय, तर चांगला टॉर्च, एक फडकं, फोन पूर्ण चार्ज, आणि ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला लावून फोनवर माहिती दाखवणारा, हजार-दोन हजारात येतो. या डोंगलला बऱ्याच गाड्यांचं मीटर रीडिंग वाचताच येत नाही, बरेचजण तिथेच नाद सोडतात, पण ॲपमधे "कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर" (कोड म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड) असा एक आकडा मिळतो तो बघा. मीटरवर २१ हजार आणि शेवटचे कोड क्लिअर केल्यापासून गाडी ३८ हजार चाललीये असं इंजिनचा कॉम्प्युटर सांगत असेल तर पुढे बोलायची गरजच नाही. उलट तो आकडा चार किलोमीटर निघाला तर त्याचा अर्थ काल-परवा कोणीतरी सगळं पुसलंय, किंवा बॅटरी काढली होती. का पुसलं ते विचारायचं.

खरी मजा कंपनीच्या स्कॅनरवर आहे. लोकांना वाटतं मीटर म्हणजे समोरचा डिस्प्ले, पण किलोमीटरच्या खुणा गाडीत इतक्या ठिकाणी पडलेल्या असतात की फिरवणारा सगळीकडे पोचतोच असं नाही. फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीमधे फॉल्ट येतो तेव्हा त्या क्षणाचं रीडिंग फॉल्टबरोबर सेव्ह होतं, आणि एखाद्या कोपऱ्यातल्या मॉड्यूलमधे, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरमधे, जुना फॉल्ट तसाच पडून असतो, ४१ हजारावर आलेला, आणि गाडी म्हणतेय मी २२ हजार. बीएमडब्ल्यूत बॅटरी बदलली की ती गाडीत रजिस्टर करतात, ती किती किलोमीटरवर केली हे आत राहतं. आणि बीएमडब्ल्यूची किल्ली! तिच्यात शेवटच्या वेळी गाडी चालवली तेव्हाचं रीडिंग साठवलेलं असतं आणि सर्व्हिस सेंटरला ते वाचता येतं. आता विचार करा, मीटर मागे केल्यावर रोजच्या किल्लीत नवा आकडा जाईल, पण कपाटातली स्पेअर किल्ली? तिच्यात ती शेवटची वापरली तेव्हाचाच आकडा. म्हणून दोन्ही किल्ल्या घेऊन यायला सांगा, आणि स्पेअर हरवलीये म्हणाला तर नव्या किल्लीचा खर्च तरी किमतीतून वजा करा.

पोर्शे बघत असाल तर ओव्हर-रेव्ह रिपोर्ट काढल्याशिवाय टोकन देऊ नका. इंजिन किती वेळा लाल रेषेच्या वर गेलं हे बघायला लोक तो काढतात, पण आपल्याला त्यातले ऑपरेटिंग अवर्स हवेत, म्हणजे इंजिन एकूण किती तास चाललंय. मीटरच्या किलोमीटरला या तासांनी भागा. १६ हजार किलोमीटर आणि ६०० तास म्हणजे सरासरी साधारण २७ चा स्पीड, पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमधे पटण्यासारखं. १६ हजार आणि १,४०० तास म्हणजे ताशी ११, एवढ्या हळू तर रिक्षा पण जात नाही, मग एकतर गाडी तासन्तास एसी लावून उभी असायची किंवा किलोमीटर गेले कुठेतरी. समोरच्याला भागाकार करून दाखवला की चेहऱ्यावर बरंच काही कळतं.

हे सगळं ऑथराईज्ड सेंटरला पैसे भरून प्री-परचेस इन्स्पेक्शनमधे, म्हणजे घेण्याआधीच्या तपासणीत, होतं. खर्च आपण करायचा, कुरकुर करायची नाही. "माझ्या ओळखीच्या गॅरेजला दाखवतो" असं विकणारा म्हणाला तर नम्रपणे नाही.

आता गाडीची झीज. इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं, स्टिअरिंग गुळगुळीत झालंय का, पेडलचं रबर झिजलंय का, पण स्पोर्ट्स कारला हे जरा वेगळं लागू होतं. सीट खाली असते, आपण दरवेळी उजव्या कडेवरून घसरत आत जातो त्यामुळे ड्रायव्हर सीटचं उजवं बोल्स्टर (कडेची फुगीर गादी) कमी रनिंगमधेही दबतं, त्यावरून निकाल लावू नका. त्यापेक्षा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, कडा केसाळ झाल्यात का बघा आणि मुळाशी लेबलवर तारीख असेल तर ती गाडीच्या सालाशी जुळते का. पेडलची रबरं एकदम कोरी आणि बाकी आतलं थकलेलं, हे झिजलेल्या रबरापेक्षा वाईट लक्षण. पुढची काच उन्हाच्या विरुद्ध बसून बघा, हायवेवर बारीक खड्यांचे हजारो टिपके पडतात ते पॉलिशने जात नाहीत. बोनेटवरचे स्टोन चिप्स मात्र नवीन पेंट किंवा पीपीएफखाली (पेंटवर लावायची पारदर्शक फिल्म) लपतात, चकाचक बोनेट आणि टिपक्याटिपक्यांची काच अशी जोडी दिसली की समजायचं.

टायरवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. १६ हजार चाललेल्या गाडीचे टायर गाडीच्याच वयाचे असायला हरकत नाही, किंवा जुने झाले म्हणून एकदा बदललेले, पण त्याचं बिल हवं. चारी टायर वेगवेगळ्या सालाचे असले किंवा बिलांवरून तिसरा सेट निघाला तर हिशोब लागत नाही. ब्रेक डिस्कच्या कडेला बोट फिरवा, मोठी धार लागली आणि डिस्क कोरलेल्या मिनिमम जाडीच्या जवळ आली असेल तर एवढ्या कमी किलोमीटरमधे ती झिजली कशाने? यावर एक खरं उत्तर असू शकतं, ट्रॅक. चेन्नईला किंवा कोइमतूरला कारी स्पीडवेला ट्रॅक डे करून आलेली गाडी किलोमीटर न वाढवता टायर आणि डिस्क खाते. म्हणजे मीटर खरं असेल, पण मग ती गाडी तुम्हाला हवी आहे का, हा वेगळा प्रश्न.

आणि सीटखाली, डिकीच्या कार्पेटखाली, ग्लोव्हबॉक्सच्या मागे हात घाला. जुनं वॉशिंगचं बिल, अलाइनमेंटची पावती ज्यावर कोणीतरी पेनने किलोमीटर लिहिलेत, इंजिन बेमधे "नेक्स्ट ऑइल चेंज" चा स्टिकर, लॅपटॉपवाल्याला हे साफ करायचं सुचत नाही.

टेस्ट ड्राइव्हच्या आधी मीटरचा फोटो, मॅप्स चालू, आणि किमान २०-२५ किलोमीटर, आल्यावर परत फोटो. हे यासाठी की आता मायलेज ब्लॉकर नावाचं एक यंत्र मीटरच्या मागे बसवतात, ते किलोमीटर मोजूच देत नाही किंवा निम्मेच मोजतं, आणि अशा गाडीत मागे केलेलं काहीच नसतं त्यामुळे स्कॅनरवर सगळे आकडे छान जुळतात. तिथे आपल्याला वाचवतात ते इंजिनचे तास, फास्टॅग आणि ही साधी तुलना. स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो ते नॉर्मल आहे, पण अंतरात दोन-तीन टक्क्यांच्या वर फरक पडायला नको. परत आल्यावर मीटरच्या भोवतीच्या प्लास्टिकवर टॉर्च मारा, स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे दिसले तर विचारा. मीटर बिघडलं म्हणून खरंच बदललं असेल तर जॉबकार्डवर जुनं रीडिंग लिहिलेलं असतं, ते दाखवू दे.

सगळं पटलं तर टोकनच्या आधी साध्या कागदावर लिहून घ्या, अमुक तारखेला रीडिंग इतकं, ते खरं असल्याची हमी विकणारा देतो, खोटं निघाल्यास गाडी परत आणि पूर्ण पैसे परत, खाली दोघांच्या सह्या. डीलरकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं, आणि मुद्दाम फसवलं असेल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, पण दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच येणार की लेखी काय आहे, तेव्हा हा कागद आणि तो जाहिरातीचा स्क्रीनशॉट एकाच फोल्डरमधे ठेवा. "मीटरची गॅरंटी आम्ही देत नाही, बाकी सगळ्याची देतो" असं म्हणणारे भेटतील, त्यांना चहा झाल्यावर नमस्कार करून निघायचं. सही मिळाली की मग मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, पेमेंट बँकेतूनच, ताबा घेताना मीटरचा शेवटचा फोटो, आणि इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका.