भाकरी सोडली नाही, तरी वजन उतरलं

हाफ मॅरेथॉनची तयारी आणि वजन कमी करणं एकत्रच चालू होतं. नांदेडमध्ये पहाटे पळताना दहा किलोमीटरनंतर पाय जड व्हायचे. कारण साधं आहे: लांब पळताना स्नायू साठवलेलं ग्लायकोजेन (कर्बोदकांपासून बनलेला साखरेचा साठा) वापरतात, आणि भाकरी-भात कापला की तो साठा नीट भरत नाही.

म्हणून कपातीचे दिवसच बदलले. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री ज्वारीची भाकरी, वरण-भात पोटभर. सकाळी निघण्याआधी अर्धापूरचं एक केळ. पचायला हलकं, त्यातून साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. तासाभरापेक्षा जास्त पळायचं असेल तर गूळ, लिंबू, मीठ घातलेलं पाणी सोबत.

कमी खायचं ते विश्रांतीच्या आणि हलक्या दिवशी. तेव्हा एक भाकरी कमी, शेंगदाण्याच्या चटणीवर तेल नाही. मटकीची उसळ, अंडी, दही मात्र अजिबात कमी करू नका, प्रथिनं घटली की चरबीसोबत स्नायूही झिजतात. त्या दिवशी शरीराला लागतात त्यापेक्षा ३०० ते ५०० कॅलरीच कमी. वजन हळू उतरतं, पण दम टिकतो, आणि मला तेच हवं होतं. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मे महिन्यात मी पळून आल्यावर वजन करतच नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काट्यावर दिसणारी घट बहुतेक घामाचीच असते.