मिरचीचा शेंडा खुडायच्या आधी

जूनच्या पहिल्या आठवड्यात दह्याच्या रिकाम्या डब्यांत मिरचीचं बी टाकायचं, पावसाचा मार नको म्हणून डबे स्वयंपाकघराच्या खिडकीत आतल्या बाजूला ठेवायचे, आणि मग जुलै सरता सरता जे दिसतं ते फ्लॅटात बाग करणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. वीतभर उंच, सुतळीएवढी बारीक, काचेकडे झुकलेली काटकुळी रोपं. दोन पानांमधली पेरं लांबच लांब. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "शेंडा खूड, फुटवे येतील." येतात, खोटं नाही. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे जागे होतात. पण उजेड तोच मंद राहिला तर फुटवेही तसेच लांबुडके निघतात. एका काटकुळ्या खोडाऐवजी तीन काटकुळ्या फांद्या, एवढाच काय तो फरक. म्हणून माझ्या यादीत कात्री सगळ्यात शेवटी येते.

आधी उजेडाची सोय करा. "आमची खिडकी दक्षिणेची आहे, भरपूर ऊन येतं" या भरवशावर राहू नका. मुंबई-ठाण्याकडे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेला असतो. हिवाळ्यात ओट्यापर्यंत ऊन आणणारी तीच खिडकी तेव्हा उपाशी राहते, त्यात वर ढग. 20 वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब आणा, शेंड्यांपासून 15 सेंटिमीटरवर टांगा, रोपं वाढतील तशी वर घेता येईल अशी बांधा. रोज 14 तास लावली तरी महिन्याला साडेआठ युनिटांपेक्षा जास्त जळत नाही. रात्री मात्र बंद. दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून हलका तळवा फिरवा किंवा लांबून पंख्याचा वारा लागू द्या. हलत्या खोडाला जाडी येते. हे सगळं दोन आठवडे केल्यावर वर आलेली नवी पेरं आखूड दिसली पाहिजेत. ती दिसेपर्यंत पुढचं काही करू नका.

मग कुंड्या. प्रत्येक रोपाला 10-12 इंची एक कुंडी, तळाला भोकं, आत माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या भागांत, वर मूठभर निंबोळी पेंड. लांबलेलं खोड मातीत किती पुरायचं यावर घरोघरी वाद होतात. टोमॅटोचं खोड पुराल तिथे मुळं सोडतं, मिरचीचं तेवढं सोडत नाही, आणि पावसाळी ओल्या मातीत कोवळं खोड कुजायची भीती असते. बी उगवताना सगळ्यात आधी येणाऱ्या दोन पानांपर्यंत (बीजदलांपर्यंत) पुरा, त्याच्या वर नको. बाजूला बांबूची काडी रोवून सुतळी सैल आठाच्या आकारात बांधा. रोप नाजूक दिसतं म्हणून युरियाची चिमूट टाकायचा मोह होतो. तो आवरा, नत्राने ते आणखी उंच धावेल.

आता शेंड्याचा निर्णय. त्यासाठी पेरताना डब्यावर मिरचीचं नाव लिहिलेलं असलं तर बरं, कारण उत्तर जातीवर आहे. लवंगीसारखी बारीक मिरची आपली आपणच झुडूप धरते, तिला हात लावायची गरज नसते. ढोबळीचा शेंडा मी कधीच खुडत नाही. पॉलिहाऊसमध्ये ढोबळीला दोन किंवा चार फांद्यांवर ठेवतात, पण ती छाटणी जास्तीचे फुटवे काढण्याची असते, तिथला हिशेब वेगळा. ज्वालासारखी मधली मिरची असेल तर खुडायला हरकत नाही, पण 8-10 खरी पानं (बीजदलांनंतर येणारी) आल्यावर आणि खोड पेन्सिलच्या दिशेने जाड होऊ लागल्यावर. वर दुबेळकं फुटून मधोमध कळी दिसत असेल तर वेळ गेली, राहू द्या. रोपाने स्वतःच फांद्या करायला घेतल्या आहेत. पानं गोळा होऊन चुरडा-मुरडा दिसत असेल तर पानांमागे फुलकिडे, कोळी कीड, पांढरी माशी शोधा. आजारी रोपावर कात्री नको.

खुडण्याने फुलं दोन-तीन आठवडे मागे पडतात. न्यू जर्सीतल्या आमच्या वहिनींना ते परवडत नाही. मेमध्ये हिमाची भीती संपल्यावर रोपं बाहेर जातात आणि ऑक्टोबरात थंडी ती संपवते. आपल्याकडे मिरचीचं झाड सहज वर्ष ओलांडतं, तेव्हा घाई नाही.

खुडायचं ठरलं तर कोरडा, उघडीप असलेला दिवस पाहा. कात्री किंवा नवं ब्लेड स्पिरिटने पुसा, प्रत्येक रोपानंतर पुन्हा. घरात कुणी तंबाखू मळत असेल, सिगारेट ओढत असेल, तर त्यांना आधी साबणाने हात धुवायला लावा. तंबाखूचा मोझॅक विषाणू हातांवरून मिरचीला लागतो. (आमच्याकडे यावरून रुसवा झाला होता.) खालून चौथं-पाचवं खरं पान मोजा आणि ते खोडाला जिथे जुळतं तिथून अर्धा सेंटिमीटर वर कापा. त्या दिवशी कापावर पाणी उडू देऊ नका. आठ-दहा दिवसांत पानांच्या बगलेत हिरवे ठिपके दिसतात, त्यानंतरच पातळ शेणखताचं पाणी. तोडलेले शेंडे पाण्याच्या पेल्यात ठेवून बघा, एखाद्याला मुळं फुटतातही.

आणि सगळी रोपं एकदम खुडू नका, एक-दोन तशीच सोडा. माझ्या मागच्या सहा रोपांपैकी न खुडलेल्या दोघांना गणपतीत फूल आलं, खुडलेल्या चौघांनी नवरात्र उजाडायला लावलं. त्या दोघांना मात्र अजून काडीचा टेकू लागतो.